हौसाचा ताण शून्यावर कसा आला

जंगल होतं एक. कुठलं, ते विचारू नका पोरांनो. गप बसा आणि ऐका.

तिथं सिंहमहाराजांचा म्हशींचा गोठा होता. त्यातली हौसा म्हैस रेडकू पिऊन उरेल एवढं दूध द्यायची. पण महाराजांना कुणीतरी सांगितलं, हल्ली जनावरांचं सुख मोजतात. झालं. मोजायला लांडगेसाहेब आले.

लांडगा शिकलेला. म्हणाला, "जनावर घाबरलं की रक्तात एक रस वाढतो. तो मोजला की ताण कळतो." रसाचं नाव लांबलचक होतं. माझ्या जिभेवर बसत नाही.

दोन लांडग्यांनी हौसाची मान धरली. तिसऱ्यानं सुई टोचून रक्त यंत्रात घातलं. आकडा आला नव्वद.

"अरेरे," साहेब म्हणाले, "गोठाच वाईट आहे."

मग खाली रबराची गादी आली. पंखे आले. भिंतींना हिरवा रंग आला. पुन्हा मान धरली. आकडा दीडशे! हौसा आटली. रेडकू उपाशी ओरडायला लागलं.

साहेबांनी नियम वाचला, "तिसऱ्या खेपेला आकडा विसाच्या खाली आला नाही, तर जनावर विश्रांतिगृहात न्यावं." हे विश्रांतिगृह लांडग्यांच्या चुलीला लागूनच होतं.

गोठ्याचा राखणदार भिवा अस्वल. हौसा त्याला म्हणाली, "अण्णा, मला धाड भरलेली नाही. यांचं तोंड बघितलं की आकडा चढतो."

"मग सांग की त्यांना."

"मान त्यांच्या हातात असती. बोलू कुठनं?"

भिवानं साहेबांची वाट बघितली नाही. हौसापुढं पेंडीची पाटी ठेवली. गळ्याखाली खाजवलं आणि हळूच सुई टोचली. तिनं पाटीतनं तोंडसुद्धा वर काढलं नाही. यंत्र गोठ्यातच होतं. आकडा आला आठ.

भिवा पळत गेला. "साहेब, आठ! तुम्ही नुसतं लांब राहा. बाकी काय लागत नाही."

"मान कुणी धरली होती?"

"कुणीच नाही."

"मग हे बाद. शिवाय तू माया केलीस. मायेनं आकडा बिघडतो."

"अहो, बिघडला कुठं? सुधारला!"

"फॉर्मात मायेचा रकाना नाही."

भिवाला हाकलून दिलं. तिसऱ्यांदा मान धरली. तीनशे. हौसाला विश्रांतिगृहात नेलं. रेडकू दाव्याला हिसके देत ओरडत राहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोठा ढेकर दिला आणि अहवाल लिहिला. "हौसा म्हैस. ताण शून्य."

महाराज खूश. साहेबांना शाल घातली. म्हणाले, "सगळ्या गोठ्याचा असाच निकाल आणा."

आता यातनं घ्यायचं ते तात्पर्य: तुम्ही म्हणणार, जनावराशी मायेनं वागावं. येडे आहात. माया केली की आकडा बाद होतो. मान घट्टच धरावी. गादी मात्र रबराचीच घालावी, त्यात हयगय नको.