जोपर्यंत मी जात नाही

चार दिवस मी गल्लीभर सांगत फिरले, की आमचे मालक मनानं अंगण झाडत नाहीत, त्यांना शब्द लागलाय. एकीनंही विश्वास ठेवला नाही. उलट शेजारची कुसुम म्हणाली, "वहिनी, नवरा झाडतो म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय."

आमच्या नगरपंचायतीनं गेल्या वर्षी एकतीस शब्द राखीव केले. जर, तर, नाहीतर, जोपर्यंत, तोपर्यंत, थांब, नवीन, असे. राखीव म्हणजे ते आता गप्पांसाठी नाहीत, कामासाठी आहेत. तोंडातून निघाले की काम होतं. कागदावर लिहिले तर काही होत नाही, म्हणून तर मी लिहितेय. लोकांनी जमवून घेतलं. 'जर पाऊस आला तर' असं आता कुणी म्हणत नाही, 'पाऊस आला म्हणजे छत्री घ्या' म्हणतात. राखीव शब्द माणसाचं नाव म्हणूनही चालत नाही. कापडवाल्या नवीनशेटना हाक मारली की दुकानात आणखी एक नवीनशेट उभे राहायचे. चार झाल्यावर त्यांनी नाव बदलून नवनाथ केलं. चौघांनीही.

आमचे मालक सूतगिरणीतून निवृत्त झालेत. कुठलंही काम अर्धं टाकून पेपर उघडायची त्यांना खोड. मंगळवारी सकाळी अर्धं अंगण झाडलं आणि खराटा भिंतीला टेकवला. माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हणाले, "जोपर्यंत मी जात नाही, तोपर्यंत झाडत राहायचं." अर्ध्या तासानं मला बाजार करायचा होता, मनात तेवढंच होतं. पिशवी घेतली, "येते हो" म्हणाले आणि निघाले. दुपारी घरी आले तर ते झाडतच होते.

बुधवारी कचरा संपला. गुरुवारी माती निघायला लागली. शुक्रवारी अंगण उंबऱ्यापासून वीतभर खाली गेलं आणि तुळशीवृंदावनाचा पाया उघडा पडला. मी मागनं चालत चालत त्यांना भाकरीचे घास भरवायची. झोप नाही. तळहात सोलले. ते हळूच म्हणाले, "अगं, असा मरेन मी." ते खोटं नव्हतं.

शनिवारी मी नगरपंचायतीच्या राखीव शब्द कक्षात गेले. तिथं बिडवे भाऊसाहेब बसतात. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, थांबवायला काय केलंत. मी म्हणाले, शंभरदा थांबा म्हणाले. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. यादीत थांब आहे, थांबा नाही. एक काना जास्त झाला.

"म्हणजे नवऱ्याला अरे-तुरे करू?"

"शब्दाला नवरा-बायको कळत नाही, बाई. अक्षर कळतं."

पण थांब म्हणूनही आता उपयोग नव्हता. तो शब्द वाक्य बोलतानाच आत घालावा लागतो, मागाहून बाहेरून घातलेला लागत नाही, असं ते म्हणाले. राहिली अट. अट माझी होती. मी गेले की ते सुटणार. मी म्हणाले, मंगळवारपासून तीनदा बाजार केला, एकदा भिशीला होते, आत्ता तुमच्यासमोर बसलेय ती काय घरात आहे का?

"घरातून निघताना काय म्हणता?"

"येते."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही गेलाच नाहीत."

आता हे बघा. आमच्यात बाई निघताना येतेच म्हणते. लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, की जातात ते फक्त मेलेले. सत्तावीस वर्षं मी ते पाळलं. भाऊसाहेब म्हणाले, चुकीचं काही नाही, पण एकदा 'जाते' म्हटलंत की 'गेली' अशी नोंद होईल, आणि घरातल्यांना तुम्ही होतात हे आठवणार नाही. विचार करून बोला.

विचार कसला करायचा? घरी आले. त्यांचं तोंड पदरानं पुसलं. भाकरी-आमटी झाकून ठेवली. उंबऱ्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "मी जाते."

खराटा खाली पडला. ते होते तिथंच बसले आणि बसल्या बसल्या झोपले. संध्याकाळी जागे झाले, मला दारात बघून आतनं पाण्याचा तांब्या आणला. पाहुण्यांचं फुलपात्र आणलं. म्हणाले, "घ्या ताई. कुणाकडं आलात?"

मी पाणी प्यायले. दोन रात्री कुसुमकडे काढल्या. तिनं मला ओळखलं, ती आमच्या घरातली नाही ना.

सोमवारी पुन्हा कक्षात. भाऊसाहेब आमचं प्रकरण बंद करायला बसले होते. फॉर्मवर दोषीचा रकाना रिकामा होता. शब्दांचा दोष नाही, त्यांनी काम केलं. कक्षाचा दोष नाही, त्यांनी यादी लावली होती. तेव्हा मला 'जाते' म्हणू नको म्हणणाऱ्या सासूबाईंचं नाव घालावं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण नियम आडवा आला. सासूबाई कधीच गेल्यात, आणि गेलेल्या माणसाला दोष लागत नाही.

"लागतच नाही?" मी विचारलं.

"नाही. दोषी हजर असावा लागतो."

"म्हणजे जिला दोष लागला ती गेलेली नाही."

त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. नोंद खोडावी लागेल. पण शिक्षा आहे, बाई. चूक जिथं झाली तिथंच दोषीनं राहायचं. जन्मभर."

बाकी कुणाचं नाव सुचवायचंय का, असं त्यांनी रीतसर विचारलं. नियमच आहे तसा विचारायचा. मी पेन त्यांच्या हातातनं ओढून घेतलं. चौथी शिकलेय, माझं नाव लिहिता येतं. रकाना लहान होता, तरी बसवलं.

सिंधू केरबा वाघमोडे.