डाव्या सीटवरचं पोतं

बाबगोंडा आण्णाच्या जीपमधी डाव्या सीटवर एक पोतं बसतं. ठेवलेलं नसतं, बसलेलं असतं. कमरेला पट्टा, तोंडाला सुतळी, पाठीला उशी. नाक्यावर कुणी विचारलं, आण्णा, शेजारी कोण, तर हा काच खाली करून सांगतो, "पाहुणं हायती." आणि गिअर टाकून पुढं जातो. हसत नाही.

मी गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बसवणारा मिस्त्री. तिसरीत शाळा सोडली तवापासून गाड्यांच्या खाली आहे. कुठली गाडी कुठल्या अंगाला दबते, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो. त्याला चौथीची गरज पडली नाही. तासगाव-पलूस रस्त्याला माझं दुकान आणि आण्णाचं बेदाण्याचं शेड लागून आहे. मधी तारेचं कुंपण, कुंपणाला एक भोक, आणि त्या भोकातून आण्णा दिवसातून चारदा येतो.

त्याचा जन्म बेदाण्यात गेला. द्राक्षं आणायची, जाळीवर पसरायची, वाळवायची, निवडायची आणि तोलायची. तोलण्यावर त्याचा लय जीव. "वजन केल्याबिगर बोलू नये," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गल्लीत कुणाला मूल झालं तर मुलगा का मुलगी विचारायच्या आधी हा किलो विचारतो.

पासष्टी गाठली आणि त्याला प्रवासाचं याड लागलं. एकदा ट्रक भरून गेल्यावर म्हणाला, "मिस्त्री, माझा बेदाणा दिल्ली बघून आला, काश्मीर बघून आला. मी सांगलीच्या पलीकडं कवा गेलो?" पुढं त्यानं मोबाईलवर बघितलं, की लडाखात लोक जर्दाळू घराच्या छतावर वाळवतात. शेड नाही, जाळी नाही, उघड्यावर. झालं, ह्याची झोप उडाली. वाऱ्यानं जात न्हाईत काय, किती दिसांत वाळत्यात, हे त्याला त्या लोकांना तोंडानं विचारायचं होतं.

पुण्याचा मुलगा म्हणाला, विमानाचं तिकीट काढतो. आण्णा म्हणाला, विमानाची खिडकी उघडत न्हाई. शेवटी मुलानं एक अट घातली. जीपनं जायचं तर जा, पण एकट्यानं नाही. सोबत माणूस असेल तरच. ही अट सगळ्या रस्त्याला ठाऊक होती.

आण्णानं माणूस शोधला नाही, गाडी तयार करायला घेतली. जुनी चारी चाकं ओढणारी जीप आणली. ट्रॅक्टरला लाज वाटावी असले टायर घातले. माझ्याकडून पाटे वाढवून ती वर उचलून घेतली, पुढं दोर ओढायचं यंत्र बसवलं, खोल पाण्यातनं जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून बॉनेटच्या कडेनं हत्तीच्या सोंडेसारखी नळी वर नेली. छतावर सहा दिवे लावले. आता आण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा, जेवलं की अंथरूण धरणारा. मी विचारलं, हे दिवे पेटवणार कोण? म्हणाला, असू द्यात, शोभा हाय. पाण्याच्या टाकीची तोटी मी जोडली, त्यानं तिला गाळायचं पांढरं फडकं बांधलं. सोंड, सहा दिवे आणि फडकं.

गाडीची परीक्षा घ्यायला माण तालुक्यात गेला. तिकडं दगड आहेत, चढ आहेत, ओढे आहेत. ओढ्यात पाणी तेवढं नाही. सोंड कोरडीच राहिली. पण एका वाडीत गाडी थांबली आणि माणसं गोळा झाली. एक म्हातारी नारळ घेऊन आली. एक मेंढका म्हणाला, "आवं, आमच्या रानात आधी बघा, तितं पाणी हाय." सोंड आणि यंत्र बघून त्यांना वाटलं, बोअर मारायची गाडी आली. आण्णाला न्हाई म्हणवेना. टाकीतलं सगळं पाणी त्यांच्या हंड्यांत ओतून आला. त्यात त्या मेंढक्याचा हंडा आधी भरला, कारण तो जास्त खूश झाला होता.

एवढ्यात एक भांडण झालं. शेडमधी नवा इलेक्ट्रिक काटा आला होता. आण्णा म्हणाला, जरा हुबं ऱ्हावा मिस्त्री, काटा नीट हाय का बघतो. माझं वजन सत्तर, लग्नापासनं सत्तर. काट्यानं साडेबासष्ट दाखवलं. मी म्हणालो, काटा खोटा. आण्णानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"काटा खोटा न्हाई. तुमी वाळलाय."

बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं मला हे म्हणावं? दोन दिवस मी कुंपणाच्या भोकाला पत्रा लावून ठेवला.

आण्णा एकदा चहाला चारचौघांत म्हणाला होता, मिस्त्री, तुमी बी बघितला नसंल बरफ. खरं तर मी मिरजेपलीकडं काही बघितलेलं नाही. बायको गेल्यापासून दुकान आणि घर. पण चारचौघांत मी म्हणालो, "मी गाडीखाली झोपतो न्हाईतर गाडी चालवतो. दुसऱ्याच्या डाव्या बाजूला बसायला मी काय नवी नवरी हाय?" सगळे हसले. आण्णाबी हसला. नंतर त्यानं लडाखचं नाव माझ्यापुढं काढलं नाही.

मग ते पोतं आलं.

पोतं आल्यापासून माझ्या कामाचं मातेरं झालं. आण्णा रोज भोकातून यायचा: डावीकडं झुकतीया. मी डाव्या बाजूला एक पाटा वाढवला. दुसऱ्या दिवशी: आता लय कडक झालं, धक्का बसतोय. कुणाला बसतोय? पाहुण्याला. मी पाटा काढून पातळ घातला. दोनदा निघायचा दिवस ठरला, नारळ फुटला आणि दोनदा हा तासगावच्या अलीकडनं परत. मी सांगितलं, आण्णा, गाडी तयार हाय, तुमीच न्हाई. ते पोतं उतरवा, एका घंट्यात गाडी सरळ करून देतो. तो म्हणाला, "सरळ करायची ती पोत्यासकट. चढावर दणका बसला की म्हाताऱ्या कमरेला तरास होतो."

पोत्याला कंबर? मला वाटलं, वाळवता वाळवता ह्याचं डोकंही वाळलं.

परवा दुपारी हट्टालाच पेटलो. पाटा निवडायचा तर भार किती हे कळायला पायजे. आण्णा आत हिशेबाच्या खोलीत होता. मी पट्टा सोडला, पोतं पाठीवर घेतलं आणि शेडमधल्या काट्यावर टाकलं.

साडेबासष्ट.

मी पोतं सरळ केलं, पुन्हा बघितलं. साडेबासष्टच. सुतळी सोडली. आत वाळू होती, आणि वर अर्ध्या किलोची बेदाण्याची पिशवी, वजन पुरं करायला. उत्तम माल, हिरवा, लांब. असला माल तो गिऱ्हाइकालाही दाखवत नाही.

माझी कंबर तीन वर्षांपासून धरते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पण जो दिवसातून चारदा भोकातून येतो, त्यानं मला गाडीखालनं उठताना बघितलेलं असणार.

मागं आण्णा येऊन उभा होता. काट्याकडं बघत होता, माझ्याकडं नाही. वजन केल्याबिगर बोलू नये, हे त्याचं वाक्य त्यानं त्या दिवशी म्हटलं नाही. केलेलंच होतं वजन. बोलणं तेवढं राहिलं होतं, आणि ते मीच बंद करून ठेवलं होतं चारचौघांत.

मी सुतळी बांधली. म्हणालो, "आण्णा, पाटा बरोबर बसला का न्हाई, हे पोत्याला कळत न्हाई. पोतं बोलत न्हाई."

"मग?"

"मग काय. ज्याला कळतंय त्यानं बसून बघायला पायजे."

त्यानं पोतं काट्यावरनं बाजूला ओढलं. म्हणाला, "येरळा नदीच्या पात्रापातूर जाऊ. जेवायच्या आत परत यायचं."

"आणि पाटा बरोबर असला तर?"

आण्णानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तर तुमाला तिकडली थंडी सोसंल का, ते इचारायला पायजे."

"इचारा की मग."

त्यानं विचारलं नाही. किल्ली घेतली. मी डाव्या बाजूनं चढलो. पायरी बरोबर माझ्या गुडघ्याच्या मापाची होती, मीच जोडलेली, आणि जोडताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उशी पाठीला नेमकी जिथं दुखतं तिथं टेकली.

आण्णा स्टेरिंगवर बसला. रोजच्या सवयीनं माझ्या अंगावरून हात नेला, पट्टा ओढला, खटकन लावला आणि नीट बसलाय का म्हणून दोनदा ओढून बघितला. माझे दोन्ही हात धड होते. तरी मी ते मांडीवरच ठेवले.