खालचे ते भंगार

नातवाच्या बारशाच्या सकाळी, पोलादपूरच्या विहीणबाईंच्या पडवीत बसून, मी एवढेच ठरवले होते की पाहुणे येण्यापूर्वी तिथला पसारा आवरून द्यावा. (न मागितलेली मदत करण्याची मला हौस आहे, माझी कन्या सारिका तिला निराळा शब्द वापरते.)

विहीणबाई, म्हणजे रंगूबाई, फुले आणायला बाजारात गेल्या होत्या. सारिका बाळाला न्हाऊ घालत होती. जावई हर्षदराव महाडच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून परतायचे होते. मी त्यांना फोन लावला.

"स्क्रॅप असेल ते देऊन टाका ना, आई. भंगारवाल्या सदूचा टेम्पो येईलच दारावर."

आता स्क्रॅप म्हणजे नेमके काय? मॅट्रिकला आम्हांला शिकवले होते, उरलासुरला तुकडा. हर्षदरावांच्या कारखान्यात बिघडलेली अख्खी बॅचही स्क्रॅप होते. त्यांची पुतणी श्रुतिका शेजारीच बसून चकचकीत कागदांचे कपटे वहीत चिकटवत होती.

"आजी, हे पण स्क्रॅप. पण हे टाकायचं नसतं हं, जपायचं असतं!"

माझा गोंधळ वाढला. अखेर मी महाडकरांचा नियम लावला. आमच्याकडे महाडला सावित्री नदीचे पाणी घरात शिरते. म्हणून पावसाळ्याआधी मोलाचे ते सारे माळ्यावर चढते, आणि जे खाली राहते ते नदीला सोडलेले असते. इतकी स्वच्छ व्याख्या शब्दकोशातही सापडणार नाही.

सदू आला. "आजी, माळ्यावर काय हाय काय?"

"वर हात लावायचा नाही. खालचे सगळे न्या."

"ह्ये पोतं बी? जड हाय. पितळ वाजतंय आत."

"खाली आहे ना? मग न्या."

त्याने माझ्याकडे दोनदा पाहिले. (माझ्या करारीपणाचा प्रभाव, असा मी समज करून घेतला.)

रंगूबाई फुले घेऊन परतल्या आणि दारातच थबकल्या.

"अवो विहीणबाय, हितलं पोतं कुठं गेलं?"

"भंगारात दिले."

"पाळणा होता त्यात! हर्षदच्या बापाचा, हर्षदचा! कालच माळ्यावरनं उतरवून सुटा केला, चिंचेनं घासायला!"

"परंतु मोलाची वस्तू खाली ठेवली कशी?"

"मग कुठं ठेवू? हितं काय पूर येतोय? आमच्या माळ्यावर भंगार असतं!"

श्रुतिका शिडीवरून वर डोकावली. मोडका पंखा, गंजके डबे, दगड झालेले सिमेंटचे पोते. एवढ्या ऐवजाचे मी निष्ठेने रक्षण केले होते.

सारिका बाळाला घेऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आई, त्या पाळण्याशिवाय सासूबाई नाव ठेवू देणार नाहीत."

तेवढ्यात हर्षदराव पोहोचले. "म्हणजे बारसंच स्क्रॅप?" (रद्द, हा आणखी एक अर्थ. त्यावर चर्चा करावी असे वातावरण नव्हते.) त्यांनी मोटारसायकल तशीच सदूच्या मागावर वळवली.

दुपारी पाहुण्यांनी अंगण भरले. बाळ सजले, घुगऱ्या निवल्या, पाळण्याच्या जागी मात्र आढ्याचे रिकामे कडे. अखेर टेम्पो आला. पोते सगळ्यांत तळाशी होते, शिवाय वाटेत फाटलेही होते. सदूने सारा माल अंगणात ओतला. काठपदराच्या साड्या नेसलेल्या बायका सायकलींच्या सांगाड्यांतून पाळण्याचे दांडे निवडू लागल्या.

बाळाच्या आत्याने एक साखळी वर धरली. "आई, ही पाळण्याची की कुत्र्याची?"

"कुत्र्याची. आण इकडं, तुला बांधते!" रंगूबाई म्हणाल्या. त्यांना प्रत्येक कडी हाताला ओळखू येत होती. पाळणा टांगला गेला आणि आत्याने कानात नाव सांगितले : यशराज. मी मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या. पुढे येण्याचा आग्रह कोणी केला नाही.

निघताना एस.टी. चुकली. "सदू महाडलाच चाललाय की!" रंगूबाई विलक्षण तत्परतेने म्हणाल्या आणि माझी पिशवीही त्यांनीच टेम्पोत ठेवली. मला पुढची जागा मिळाली.

महाडात सदूने आधी भंगाराचे गोदाम गाठले. काट्यावरचा माणूस बाहेर आला. त्याने मागचा माल पाहिला, मग खिडकीतून मला पाहिले.

"सदू, ह्या पण पोलादपूरवाल्यांनीच दिल्या काय रे?"

"नाय रे. ह्या महाडच्याच. त्यांनी परत धाडल्यात."