उजव्या बाजूचं पाणी

जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. लातूर जिल्हा झाला तेव्हा अहमदपूरच्या लोकांनी आधी पेढे वाटले आणि मग पाण्याची चौकशी केली. पाणी नव्हतं. पण पूर्वी ते लांबच्या जिल्ह्याकडून येत नसे, आता ते जवळच्या जिल्ह्याकडून येणार नव्हतं, आणि ही सुधारणा आहे हे सगळ्यांनाच मान्य करावं लागलं.

अशा दिवसांत ज्ञानोबा बनसोडे यांना घरात जमिनीवर उभे राहणारे स्पीकर हवेसे झाले. जिल्ह्याबरोबर जागा वाढल्या, जागांबरोबर ज्ञानोबा वाढले आणि अव्वल कारकून झाले. तालुक्याच्या माणसाला ट्रान्झिस्टरचा आवाज पुरतो, जिल्ह्याच्या माणसाला पुरत नाही, असं त्यांनी पंचशीलाबाईंना समजावून सांगितलं. पंचशीलाबाई कन्याशाळेत शिकवत. त्या म्हणाल्या, रांजणात पाणी नाही. ज्ञानोबा म्हणाले, तो विषय वेगळा आहे. एखादा विषय वेगळा आहे असं म्हटलं की तो निकाली निघतो, हे नोकरीनं त्यांना शिकवलं होतं.

खरेदीला दोघं नांदेडला गेले. दुकानदार संगप्पा मोठा बोलघेवडा. त्यानं तीन जोड्या मांडल्या आणि एकीचा खर्ज कसा, दुसरीची धार कशी, तिसरीत तबल्याची शाई कशी ऐकू येते, ते तोंडानं वाजवून दाखवलं. ज्ञानोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातले उंच कोणते?" यात त्यांची चूक नव्हती. कचेरीत पंखा, टेबल आणि खुर्चीची पाठ ही माणसाच्या हुद्द्याप्रमाणे वाढत जाते. आवाज तेवढा निराळा नियम पाळेल असं त्यांना वाटण्याचं कारण नव्हतं.

छातीइतक्या उंच, गडद तपकिरी जोडीसमोर संगप्पानं पंचशीलाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि एक गाणं लावलं.

"डोळे मिटा, बाई. गाणारी कुठं हाय?"

"मधोमध उभी हाय."

"आता उघडा. मधोमध काय हाय?"

"भिंत."

"ह्योच स्टिरिओ," संगप्पा म्हणाला. "डावा थोडं सांगतो, उजवा थोडं सांगतो. मधल्या माणसाला वाटतं, समोर कुणीतरी हाय."

मग त्यानं दुकानाची खास कॅसेट लावली. धबधब्याची. डाव्या कोपऱ्यात पाणी कोसळलं, फरशीवरून खळाळत आलं आणि उजव्या कोपऱ्यातून निघून गेलं. पंचशीलाबाईंनी पाय वर घेतले. पदर भिजू नये म्हणून आवरलासुद्धा. दारात उभा असलेला उमरीचा एक म्हातारा आत येऊन म्हणाला की खोके नकोत, नुसतं पाणी मिळेल का. संगप्पानं ती कॅसेट जोडीबरोबर आणि टेपबरोबर भेट दिली आणि व्यवहार पुरा झाला.

एसटीच्या टपावर स्पीकर आडवे टाकायला ज्ञानोबा तयार होईनात. दोन्ही खोके गाडीत मधल्या वाटेत उभे राहिले. कंडक्टर नियमाचा पक्का. जे बसतं ते सामान असेल, पण जे नांदेडपासून अहमदपूरपर्यंत उभं राहतं ते प्रवासीच, असं सांगून त्यानं दोघांची पुरी तिकिटं फाडली. लोह्याला चढलेल्या एका आजोबांनी डाव्या स्पीकरला "पाव्हणं, जरा सरकता का" असं दोनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा त्याच्या शिष्टपणाबद्दल गाडीभर सांगितलं.

घरी आल्यावर जागेचा प्रश्न निघाला. संगप्पाच्या सांगण्याप्रमाणे दोन स्पीकर आणि एक माणूस यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हायला हवा होता. उजव्या स्पीकरच्या कोपऱ्यात पंचशीलाबाईंचा रांजण होता. भरलेला असे तेव्हा अंगानं ओला, गळ्यात कापड बांधलेला, त्यांच्या आईकडून आलेला. तो अंगणात गेला. डावा स्पीकर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं येऊ लागला, तेव्हा मात्र पंचशीलाबाईंनी कंबरेवर हात ठेवले. ज्ञानोबांनी तो हातभर सरकवला. त्यासरशी सगळा त्रिकोण फिरला आणि त्याचं टोक नेमकं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आलं. ज्ञानोबांनी तिथं खडूनं फुली काढली आणि खुर्ची टाकली. तेव्हापासून ते गाणं ऐकत असले की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर राहू लागला. पंचशीलाबाईंना चुलीपाशी फक्त उजवीकडचं ऐकू येई. तबला सगळा, गाणारी अर्धी.

त्यांना गाणं नको होतं. त्यांना रांजण परत त्या कोपऱ्यात हवा होता, भरलेला. एवढंच हवं होतं, आणि पुढं जे झालं ते एवढ्यासाठीच झालं.

उन्हाळा चढला. टँकर सुरू झाले, आणि टँकर सुरू झाल्यावर रीतीप्रमाणे गल्लीत रांग लागली. या रांगेत माणसं उभी राहत नसत, भांडी उभी राहत. घागरी, डबे, चरव्या एकामागं एक लावून माणसं सावलीला बसत आणि भांड्यांच्या वतीनं भांडत. पण लोकांनी सोयऱ्याधायऱ्यांची भांडीसुद्धा गावोगावहून मागवून रांगेत लावली, तेव्हा टंचाईच्या खास कक्षानं नियम केला, की घरात जेवढी साठवण आढळेल तेवढंच पाणी मिळेल, अंगणातली भांडी धरली जाणार नाहीत. तपासणीसाठी मन्मथअप्पा नावाचे साठवण तपासनीस आले. सज्जन माणूस. कुणाच्या घरचा चहा घेत नसत, कारण चहात पाणी असतं.

ते बनसोड्यांच्या घरात शिरले आणि दोन उंच खोक्यांपुढं थबकले.

"ह्या टाक्या कधी घेतल्या?"

"टाक्या न्हाईत, अप्पा. स्पीकर हायत," पंचशीलाबाई म्हणाल्या. "माझा रांजण अंगणात हाय, त्यो लिहा."

"अंगणातलं लिहिता येत न्हाई. हे घरातलं हाय. उभे साठे दोन. प्रत्येकी तोंडं तीन. तोंडाला जाळी, म्हणजे गाळून भरता. चांगलंय." त्यांनी बोटानं ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला.

"रिकामं हाय की न्हाई? रिकामं लिहा मग," पंचशीलाबाई लगेच म्हणाल्या. चुकीच्या नोंदीनं का होईना, पाणी आलं तर त्यांना चालणार होतं.

मन्मथअप्पाही तसंच लिहिणार होते. एवढ्यात ज्ञानोबा कचेरीतून आले. आपल्या स्पीकरांना कुणी टाकी म्हणतं हे त्यांना सोसवेना. त्यांनी अप्पांना फुलीवरच्या खुर्चीत बसवलं. पंचशीलाबाई म्हणत होत्या, एखादं गाणं लावा. पण माणूस आपल्या घरची उत्तम वस्तूच पाहुण्याला दाखवतो. ज्ञानोबांनी धबधबा लावला.

मन्मथअप्पांनी आधी डोळे मिटले. मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. कॅसेट संपली तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता, आणि त्यांनी लिहिलं ते असं: प्रत्यक्ष तपासणीत सदर घरात विपुल पाणी वाहत असल्याचं आढळलं, वरकरणी पोकळ आवाज करून साठा लपवण्याचा प्रयत्न झाला, गल्लीस टँकरची आवश्यकता नाही.

"पण अप्पा, पाणी कुठं हाय?"

"बाई, आवाज आला का न्हाई?"

"आला."

"मग मी काय खोटं लिहायलो?"

टँकर बंद झाला. दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या. पुढं तुळजाबाई. त्यांचं शेत गावाबाहेर होतं, तोंड मात्र कायम गल्लीत असे.

"बाई, घरात धबधबा ठेवलाव म्हणं. शिकल्याली माणसं तुमी. एक घागर दिली तर काय आटंल का?"

पंचशीलाबाईंनी त्यांना आत नेलं, खोक्यांच्या मागच्या वायरी दाखवल्या, जाळीला हात लावून तो कोरडा आहे हे दाखवलं, आणि शेवटी हे नुसतं वाजतं, हे पटवायला तुळजाबाईंना फुलीवर बसवून कॅसेट लावली. तुळजाबाई तोंड वाकडं करून बसल्या होत्या. हळूहळू तोंड सरळ झालं. पाणी उजवीकडून निघून गेलं तेव्हा त्यांनी हनुवटी पुसली.

"लई गार हाय," त्या म्हणाल्या. "अजून एकदा लाव."

मग सगळ्या बायांनी आपापल्या घागरी उंबऱ्यापासून अंगणापर्यंत रांगेत लावल्या आणि एकेकीनं फुलीवर बसून घेतलं. जिची घागर मागं होती ती पुढचीशी भांडली. जाताना कुणाच्याही घागरीत थेंब नव्हता, पण रिकाम्या हातानं गेल्यासारखं कुणीही चालत नव्हतं. पंचशीलाबाई अंगणातल्या रांजणाशेजारी उभ्या राहून बघत राहिल्या.

त्यांनी अर्ज केला. टँकर सुरू करा, रांजणाची नोंद घ्या. अर्जाची सुनावणी करायला कक्षाचे मोठे साहेब स्वतः घरी आले, फुलीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. नव्या जिल्ह्याला नवं काहीतरी करून दाखवायची घाई होती. साहेबांनी निकाल दिला, की एवढं पाणी एका गल्लीनं ऐकावं आणि बाकी जिल्ह्यानं तहानलेलं राहावं हा अन्याय आहे. स्पीकर सरकारजमा झाले, टेप आणि बॅटरीसकट टँकरवर चढले, आणि त्यांची देखरेख ज्ञानोबांकडे आली. ज्ञानोबांना आधी रडू आलं, मग गाडीत साहेबांशेजारची जागा मिळाली.

योजना कल्पनेबाहेर यशस्वी झाली. भरलेला टँकर जिथं चढावर दम टाकत असे तिथं रिकामा टँकर पळत गेला. ज्या वस्त्यांनी जन्मात टँकर पाहिला नव्हता तिथं तो दिवसातून दोनदा येऊ लागला. गळतीच्या तक्रारी थांबल्या. उमरीचा तो म्हातारा जिल्ह्याची हद्द ओलांडून ऐकायला आला आणि आमच्या जिल्ह्याला हे कधी, असं विचारून गेला.

तक्रारी अगदीच नव्हत्या असं नाही. टँकरच्या एका बाजूला उभं राहिलं की एकच स्पीकर ऐकू येई. शिरूर अनंतपाळहून अर्ज आला, की आमच्याकडं पाणी फक्त डावीकडून येतं. उजव्या बाजूच्या पाण्यावर आमचाही हक्क आहे. दुसऱ्या एका गावानं उजव्या पाण्यासाठी रस्ता अडवला. मागणी रास्त होती. पुढाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी पाणी देण्याचं वचन दिलं आणि टाळ्या घेतल्या. नुसतं पाणी मागणारा अर्ज मात्र कक्षाकडं येईनासा झाला. एकच येत राहिला, पंचशीलाबाईंचा. आणि त्यावर शेरा पडत राहिला की अर्जदारास ऐकू कमी येत असावं.

स्पीकर गेल्यावर उजवा कोपरा मोकळा झाला होता. पंचशीलाबाईंनी रांजण आत आणला, घासला, गळ्याला धुवट कापड बांधलं आणि कोपऱ्यात बसवला. आता तो घरात होता, म्हणजे नियमात होता. एका सकाळी टँकर गल्लीत आला. भांड्यांची रांग लागली, माणसं डोळे मिटून उभी राहिली, पाणी डावीकडून कोसळू लागलं. पंचशीलाबाई शाळेला निघाल्या होत्या. त्या टँकरमागं गेल्या, दोन्ही वायरी मुठीत धरल्या आणि उपटल्या.

गल्ली एकदम गप्प झाली. वाऱ्यानं घागरी एकमेकींवर आपटत होत्या, तेवढं ऐकू आलं. पंचशीलाबाईंना वाटलं, आता लोक खाली बघतील, भांड्यात. तुळजाबाईंनी डोळे उघडले.

"बाई," त्या म्हणाल्या, "तान्ही लेकरं हायत घरात. आमचं पाणी कामून तोडलाव?"

गल्ली सगळी तुळजाबाईंच्या बाजूनं उभी राहिली. मन्मथअप्पांनी तिथंच पंचनामा केला. पंच म्हणून सही ज्ञानोबांची. बायकोचं काय, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, तो विषय वेगळा आहे. सार्वजनिक पाणीपुरवठा खंडित करणे, आणि घरात कोरडा रांजण बाळगून जिल्ह्याची बदनामी करणे, असे दोन आरोप ठेवले गेले. रांजण पुरावा म्हणून जप्त झाला. वायरी जोडल्या गेल्या आणि उजवा स्पीकर वाजला तशा टाळ्याही वाजल्या.

सुनावणीच्या दिवशी पंचशीलाबाई कक्षात गेल्या. साहेबांच्या खुर्चीमागं, पंख्याच्या वाऱ्यात, रांजण होता. अंगानं ओला. गळ्याला त्यांनीच बांधलेलं कापड, वर नवं लाकडी झाकण, खिळ्याला अडकवलेला लांब दांड्याचा वगराळा. त्यांनी कुणाला न विचारता झाकण उचललं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पाणी काठोकाठ होतं आणि त्याला काहीही आवाज नव्हता.

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "पुराव्याला हात लावू नका."

या गोष्टीला फार वर्षं झाली. धबधब्यापाशी वाचताना ज्यांना जरा गार वाटलं, त्यांनी एकवार उठून आपल्या घरचा माठ बघावा. कान लावू नये. हात घालावा.