अर्धी घोडी देणे आहे

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या फाटकावर एक पाटी लागली. पत्र्याचा तुकडा, त्यावर लाल ऑइल पेंट आणि खाली ओघळलेली अक्षरं: 'अर्धी घोडी देणे आहे. लायक माणसानंच आत यावं.'

पाटी लागली सकाळी सातला. साडेसातपर्यंत अख्ख्या ईट गावाला एकच प्रश्न पडला होता. डेअरीवर दूध घालून परतणाऱ्या एकानं मोटारसायकल न थांबवताच तो विचारला, "आण्णा, पुढली अर्धी देनार का मागली?"

आण्णा बाहेर आले. अंगात बनियन, डाव्या गुडघ्याला पट्टा, हातात खरारा. "मागलीच घे तू! ये हिकडं! लाथ घरपोच मिळंल!"

हे आमचे शेजारी, मुरलीधर आण्णा. एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली. पण गाडीतून उतरलेत असं काही वाटत नाही. बोलतात ते मागच्या सीटपर्यंत पोचलं पाहिजे अशा बेतानं. दारात चार माणसं उभी राहिली की "पुढं सरका, पुढं सरका" असं आपोआप तोंडातून निघतं. कुणाशी बिनसलं तर तो माणूस जमिनीवर सरळ उभा असला तरी आण्णा त्याला ओरडतात, "उतरा खाली!" ईटमधली निम्मी माणसं आण्णांनी कधी ना कधी अशी खाली उतरवली आहेत. मलाही उतरवलंय. फाट्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून ते मला झेरॉक्स म्हणतात. नाव ठाऊक आहे, पण वापरत नाहीत.

रिटायर झाल्यावर दुसऱ्या वर्षी जत्रेच्या बाजारातून त्यांनी घोडी आणली. पांढरीशुभ्र, मानेवर एक तपकिरी ठिपका. नाव ठेवलं एशियाड. एसटीची जुनी निमआराम गाडी आठवत असेल त्याला ह्या नावातला मान कळेल. तिला लगामानं चालवणं आण्णांना कमीपणाचं वाटायचं. ते तोंडानं बेल द्यायचे. "टिंग टिंग" म्हटलं की घोडी निघे, आणि एकदाच "टिंग" म्हटलं की खिळल्यासारखी जागच्या जागी थांबे. ही विद्या त्यांनी तिला चार महिने खपून शिकवली. त्या चार महिन्यांत आमच्या घरात दारावरची बेल वाजली तरी कुणी उठत नव्हतं.

मग गुडघा गेला. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू चाला, पण घोडीवर बसायचं नाही आणि तिला एकट्यानं धरून ओढाताण करायची नाही. पुण्याच्या मुलाला, संदीपला हे कळलं. तो फोनवर म्हणाला, "बाबा, विकून टाका." आण्णा फोनवर जे बोलले ते मला भिंतीपलीकडून, पंखा चालू असताना, शब्दन् शब्द ऐकू आलं. ते इथं लिहिता येत नाही. संदीप मात्र बापाचाच मुलगा. त्यानं सांगितलं, दिवाळीपर्यंत तिला सांभाळायला दुसरा माणूस धरा. नाही मिळाला तर मी व्यापारी घेऊन येतो.

त्यातून ती पाटी जन्माला आली.

आण्णांचं गणित सोपं होतं. आमच्याकडं वारंगुळा असतो. तुझा एक बैल, माझा एक बैल. दोघांची मिळून एक जोडी. आज तुझं रान, उद्या माझं. आता ट्रॅक्टर आले, बैल गेले, वारंगुळाही जवळजवळ संपला. पण रीत सगळ्यांच्या अंगात आहे. आण्णा म्हणाले, "बैलाचा हुतो तर घोडीचा का न्हाय?"

मी म्हणालो, "आण्णा, वारंगुळ्यात दोघांचं एकेक जनावर असतं. इथं दुसऱ्यानं काय आणायचं?"

"अक्कल! ती आनली तरी लई झालं. टायपा!"

आणि मी करारनामा टाइप केला. सोमवार, बुधवार, शुक्रवार आण्णांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार भागीदाराचे. रविवारी घोडीला साप्ताहिक सुट्टी, कारण 'ती बी कर्मचारीच हाय.' ज्याचा वार त्याची लीद. ज्याचा वार त्यानं खरारा करायचा. दुसऱ्याच्या वारी पहिल्यानं फाटकाच्या आतून बघायचं, बोलायचं नाही. हे शेवटचं कलम माझं होतं. आण्णांनी ते मान हलवून मान्य केलं आणि एकदाही पाळलं नाही.

पहिल्या आठवड्यात जे आले त्यांना आत येताच आलं नाही. एकानं विचारलं, ॲव्हरेज किती देते? उतरा खाली. एकाला लग्नाच्या वरातीत नवरदेव बसवायला हवी होती. आण्णांचा चेहरा काळानिळा झाला. "डीजेपुढं नाचवनार माझ्या एशियाडला? कानात कापूस तू घालनार का तुझा नवरदेव? उतरा!" एक जण नुसताच गप्प उभा राहिला. त्यालाही उतरवलं, कारण 'त्याचं बघनंच बराबर नव्हतं.'

मग जवळच्या वाशी गावचे सर आले. तिथं त्यांचे क्लासेस आहेत. काळा गॉगल, पोटावर ताणलेला टीशर्ट, आणि लहानपणापासून घोड्याची आवड. आवड म्हणजे रीलची, हे नंतर कळलं. सर मंगळवारी यायचे, फोन काठीला लावायचे, घोडीवर बसून लांब क्षितिजाकडं बघायचे. खाली पडलेल्या लीदीकडं मात्र कधी बघायचे नाहीत. फाटकाच्या आतून आण्णा कलम मोडत ओरडायचे, "सर, क्षितिज ऱ्हावू द्या! खाली बघा, खाली!"

तिसऱ्या मंगळवारी सरांनी धावत्या घोडीचा रील करायचा ठरवला. एशियाड सुरेख निघाली. शाळेच्या भिंतीपाशी वेग आला, सरांचा गॉगल चमकला, आणि नेमका त्यांच्या खिशातल्या दुसऱ्या फोनवर कुणाचा तरी मेसेज आला.

टिंग.

घोडी थांबली. सर थांबले नाहीत. ते घोडीच्या मानेवरून, तिला कसलाही त्रास न देता, समोरच्या गवताच्या ढिगात गेले. मी हे दुकानाच्या पायरीवरून बघितलं आहे आणि आयुष्यात केलेली सगळी पुण्यं त्या एका क्षणात वसूल झाली असं मला अजून वाटतं. आण्णा लंगडत धावले. वाटलं, सरांना उठवतील. ते सरांच्या अंगावर ओरडले, "माझ्या गाडीला दुसऱ्यानं बेल दिलीच कशी?"

तेवढ्यात लागोपाठ दोन मेसेज आले आणि घोडी एकटीच चालू लागली.

सर गेले, सोपान आला. सोपानची ईटच्या बाहेर दीड मैलावर वस्ती आहे. पन्नाशी उलटलेला, हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे, बोलणं दिवसाला दहा-बारा शब्द. त्याचा शेवटचा बैल आदल्या वर्षी म्हातारा होऊन गेला होता, आणि रिकाम्या गोठ्यात तो अजून सकाळी झाडू मारायचा. आण्णांनी विचारलं, "घोडं सांभाळलंय का कधी?"

"न्हाय. बैल सांभाळलेत."

"बैलात आन घोड्यात फरक हाय!"

"व्हय. शिंगं नसत्यात."

 आण्णांनी पुढचा प्रश्न काढेपर्यंत सोपाननं लीद उचलून टाकली होती. त्यालाच भागीदार केलं.

महिनाभर बरं चाललं. म्हणजे सोपानच्या वारी आण्णा सकाळपासून फाटकात उभे राहून ओरडायचे. दोर आखूड धरलाय, खरारा उलटा मारतोयस, पाणी गार हाय. सोपान "व्हय आण्णा" म्हणायचा आणि आपलं काम करायचा. एवढ्या शांत माणसावर एवढं चिडणं आण्णांना जड जात असावं, कारण संध्याकाळी त्यांचा घसा बसलेला असायचा.

मग तो शनिवार. वारंगुळ्याची एक रीत आहे: ज्याच्या रानात जोडी, त्या दिवशी वैरण त्याची. सोपानचा वार होता. पोळ्याला बैलाला घालावं तसं त्यानं घरून प्रेमानं आणलं, टोपलंभर सरकी पेंड आणि वर हिरवा मका. आण्णा नेमके अंघोळीला गेले होते. बैलानं ते खाऊन ढेकर दिला असता. एशियाडनं खाल्लं, आणि तासाभरात ती पोटाकडं वळून बघायला लागली, पाय आपटायला लागली, खाली बसू बघायला लागली.

जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, लोळू देऊ नका. लीद पडेपर्यंत फिरवत राहा.

सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत दोघांनी तिला फिरवलं. दोर सोपानच्या हातात, पलीकडच्या बाजूनं आण्णा लंगडत. शाळेपासून तळ्यापर्यंत आणि परत. मी मधूनमधून पाणी घेऊन जायचो. प्रत्येक वेळी आण्णांच्या शिव्यांचा नवा मुक्काम आलेला असायचा. आधी सोपान, मग त्याचा बैल, मग पेंड विकणारा दुकानदार, मग मक्याचं बी. तीनच्या सुमारास शाळेच्या भिंतीपाशी घोडीनं लीद टाकली. सोपान मटकन खाली बसला आणि डोळे पुसायला लागला. आण्णांनी लीदीकडं बघितलं, घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि गरजले, "उतर खाली! बसलेला उतर! पुन्हा तोंड दाखवू नको!"

करारनामा फाडला गेला. सोपान आला नाही. दिवाळी झाली.

दिवाळीनंतरच्या शनिवारी संदीपचा फोन आला. उद्या येतोय, व्यापारी आणि टेम्पो सोबत. दहा मिनिटांत आण्णा माझ्या दुकानात होते. "नवा कागद टायपा. कुनी तरी भेटंलच."

"उद्यापर्यंत?" मला राग आला. चौदा वर्षांचा साठलेला होता, एकदम निघाला. "आण्णा, सोन्यासारखा माणूस घालवलात. चूक झाली त्याच्याकडून, पण सहा तास चाललाही तोच. आणि एक सांगू? तुमच्या स्वतःच्या वारी तुम्ही कधी कुणावर चिडला नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमच्या गल्लीत शांतता असते. सगळी भांडणं दुसऱ्याच्या वारी. का?"

मला वाटलं, आता मी खाली उतरणार. आण्णा स्टुलावर बसले.

"त्या दिवशी म्या काय करू मग?" ते म्हणाले. "मंगळवारी घर लई मोठं हुतंय."

मी पंखा त्यांच्याकडं वळवला.

"सगळी नोकरी मुक्कामी गाडी केली. रातीला ह्या गावात, त्या गावात. ही म्हनायची, रिटायर व्हा, मग रोज बोलत बसू. झालो. दोन महिन्यांत तीच..." आणि ते झेरॉक्स मशिनवर एकदम खेकसले, "ह्याचा आवाज बंद करा की!"

मशिन बंदच होतं. मी ते पुन्हा बंद केलं.

आण्णांनी चष्मा पुसला आणि हुकूम सोडला. "टायपा. वार रद्द. दोघांनी बी रोज यायचं. सातीच्या साती दिवस. दोर सोपाननं धरायचा, म्या बाजूनं चालनार. वैरण म्या घालनार."

"म्हणजे रविवारपण? सुट्टी?"

"चालाय कसली सुट्टी?"

"मग ह्यात वाटणी कुठं राहिली आण्णा?"

"तुमाला काय करायचंय? टायपा!"

कागद घेऊन मी वस्तीवर गेलो. सोपाननं तो दोनदा वाचला. मग विचारलं, "शिव्या बंद करनार व्हय आण्णा?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. "नाही. तसं कलम नाही."

"मंग येतो." त्यानं कागदाची घडी केली. "त्या दिवशी सहा तास बोलले माझ्यासंगं. बाप गेल्यापासनं मला इतका येळ कुनीच बोललं न्हाय."

रविवारी नऊ वाजता संदीप आला. टेम्पो फाट्यावर उभा, व्यापारी माझ्या पायरीवर चहा पितोय. फाटकाला कडी, आत घोडी नाही, बाप नाही. संदीप घामाघूम होऊन माझ्याकडं आला. मी म्हणालो, चल, तळ्याकडं असतील.

तळ्याच्या भरावावर ते पुढं चाललेले दिसले. आम्ही मागं, शंभरेक पावलांवर. मध्ये पांढरी घोडी, एका बाजूला सोपान, दोर सैल सोडलेला. दुसऱ्या बाजूला आण्णा, एक हात घोडीच्या पाठीवर, दुसरा हवेत काही तरी समजावत. सोपान मधूनच मान हलवत होता. एकदा आण्णा थांबले, तर घोडी आणि सोपान दोघंही थांबले. मग तिघं पुन्हा निघाले.

संदीप बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि फाट्यावर सांगितलं, "टेम्पो रिकामाच जाऊ द्या."

फोन ठेवून त्यानं मला विचारलं, "काका, एवढं काय बोलतायत बाबा?"

मी कान दिला. वारा त्यांच्याकडूनच आमच्याकडं येत होता. पण चौदा वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच मला आण्णांचं बोलणं ऐकू आलं नाही.