गायकवाडांचा उलटा हात

गायकवाड चहाच्या कपाला आधी बोटांची पाठ लावतात, मग ठरवतात प्यायचा की थांबायचं. विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत ते माझे शेजारी. तीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर होते. तिथे नळीला तळवा लावायचा नाही, उलटा हात लावायचा. चटका बसला तर हात आपोआप मागे येतो. ते निवृत्त झाले, हात झाला नाही. उभ्या स्कूटरला हात लावून मालक कधी आला ते सांगतात. एकदा भाजीवालीच्या टोमॅटोला हात लावून म्हणाले, "उन्हात होते." ती म्हणाली, "काका, मीपण उन्हातच होते. मलाही नको म्हणता का?"

माणसांचंही तसंच. जावई थंड, डॉक्टर थंड, सोसायटीचा सेक्रेटरी तर बर्फ. मी विचारलं, मी कशी? जरा विचार करून म्हणाले, "ताई, तुम्ही कोमट." मी मनावर घेतलं नाही.

मागे मी चार दिवस बहिणीकडे बिबवेवाडीला गेले. सांगून जायची मला सवय नाही. सांगणार कोणाला? परत आले तर दाराचं लॅच उचकटलेलं आणि गायकवाड बाहेर खुर्ची टाकून राखणीला बसलेले. लॅच त्यांनीच उचकटलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. फोन करायला काय झालं होतं, असंही विचारलं. नंबर त्यांनी कधी मागितला नव्हता, मी दिला नव्हता. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "भिंत दोन दिवस गार होती, ताई. मला वाटलं..."

माझी शेगडी आमच्या मधल्या भिंतीला लागून आहे. भिंत चार इंची. रोज सकाळी माझ्या भाकऱ्या झाल्या की पलीकडून हे हात लावून बघायचे. मला पत्ताच नव्हता.

नवीन लॅच त्यांनीच बसवलं. वाकडं बसवलं.

ते घरी गेल्यावर मीही भिंतीला उलटा हात लावला. गार. गारच असणार. त्यांचा डबा येतो. बायको गेल्यापासून त्या घरात गॅस पेटलेला नाही.

आता बाहेर जाताना मी सांगून जाते. उपासाला मी नुसती केळी खाते, तरी सकाळी पातेलंभर पाणी तासभर गॅसवर ठेवते. परवा बहीण आली होती. तिने विचारलं, एवढं पाणी कशाला?

म्हटलं, पाय शेकायला.