म्हशीची अब्रू

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटतात आणि मालक त्यांच्याहून जास्त नटतात. शिवाजी पेठेतल्या आकारामाला मात्र सणाआधी महिनाभर घास गोड लागत नसे. कारण गल्लीतला केरबा. पाडव्याच्या स्पर्धेत सलग दोन वर्षं केरबाच्या म्हशीचा पहिला नंबर आणि फेटा बांधून मिरवणार केरबा. ते बघून आकारामाच्या पोटात नुसता जाळ व्हायचा.

त्यात यंदा केरबानं दूधकट्ट्यावर चारचौघांत सांगून टाकलं, "आकारामाची म्हैस काळीभोर दिसती ती वैरणीनं न्हाय. बुटाच्या पॉलिशनं."

कट्टा हसला. आकारामानं घरी येऊन चरवी आपटली. "अब्रूनुकसानीचा दावाच लावतो त्येच्यावर."

"आणि वकिलाला काय शेण देणार व्हय?" म्हशीपुढं वैरण टाकत त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं विचारलं.

आकारामानं तपास काढला. कोर्टाच्या आवारात मोफत कायदा सल्ला केंद्र होतं. बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं, बायकांना वकील फुकट. त्याखालचं वाचायला थांबेल तो आकाराम कसला. त्यानं लगोलग म्हैस बायकोच्या नावावर केली. पाडव्याच्या स्पर्धेतही मालकीण म्हणून तिचंच नाव लावलं आणि तिला पुढं घालून केंद्रात गेला.

तिथं साक्षी कांबळे नावाच्या तरुण वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, बदनामीच्या दाव्याला फुकट वकील देत नाहीत. पाटीवर खाली लिहिलंय. सल्ला मात्र फुकट आहे."

आकारामाचं तोंड उतरलं. "मग सल्ला तरी द्या की."

"केरबा बोलले ते खरं आहे का?"

"छ्या. साफ खोटं."

"दोन डब्या संपल्या की," धोंडुबाई म्हणाली. "फडकं म्हणून माझं लुगडं फाडलं."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "खरं आणि लोकांच्या भल्याचं बोललं तर बदनामी होत नाही. दाव्याचा नाद सोडा आणि म्हैस धुवून काढा."

धोंडुबाईनं तसंच केलं. पाडव्याला शिंगांना तेल लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. स्पर्धेचा नियम एवढाच, की मालकानं लांबून हाक मारायची आणि म्हैस गर्दीतनं धावत यायची. आजवर आकाराम घसा फाटेस्तोवर ओरडायचा आणि म्हैस जागची हलायची नाही. वैरण कोण घालतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. यंदा धोंडुबाईनं नुसतं "ये गं बाय" म्हटलं आणि म्हैस आकारामाच्या हातातनं दावं हिसडून सुटली.

केरबाचा दुसरा नंबर आला. आकाराम ज्यासाठी झुरला ते झालं, पण फेटा बांधला धोंडुबाईला. केरबानं स्वतः नारळ दिला, "वैनी, मानलं तुमास्नी." आकारामाच्या पोटात पुन्हा जाळ उठला. या खेपेला तो केरबापायी नव्हता.

एवढ्यात पंचांनी विचारलं, "मालकीणबाई, हे मागं उभं हाइत ते पावणं कोण?"

"ह्ये व्हय?" फेटा सावरत धोंडुबाई म्हणाली, "ह्ये म्हशीला पॉलिश लावायला असत्यात."

अख्खा रस्ता हसला. दिवाळीची सुट्टी संपून केंद्र उघडलं, तेव्हा दारात आकाराम एकटाच उभा होता.

"बाई, बायकोवर दावा लागतो का?"

"काय म्हणाल्या त्या?"

आकारामानं मान खाली घालून सांगितलं.

"बरं," वकीलबाई म्हणाल्या, "आणि ते खरं आहे का?"

आकारामानं टोपी उचलली आणि तो वैरण आणायला निघाला.